डब्याच्या तळाशी उरलेले बी

स्वयंपाकघरात जा आणि सुक्या मिरच्यांचा डबा खाली उतरवा. मिरच्या बाजूला सारून तळाशी पाहा. पिवळसर, चपट्या, थेट कानाच्या पाळीसारख्या दिसणाऱ्या कितीतरी बिया तेथे पडलेल्या असतील. या बियांपैकी जिवंत किती आणि मेलेल्या किती, हे तुम्हाला नुसते पाहून सांगता येईल का? मला तरी येत नाही. जिवंत बी आणि मेलेले बी बाहेरून अगदी सारखे दिसते.

हा प्रश्न माझ्यापुढे मोठ्या अडचणीच्या वेळी उभा राहिला. कोकणात माझ्या आत्याच्या परसात लवंगी मिरचीचे एक झाड होते. त्याच्या मिरच्या बोटाच्या पेराएवढ्या, आणि खाली न लोंबता आभाळाकडे तोंड करून लागणाऱ्या. आत्या मुंबईला मुलाकडे राहायला गेली, घर बंद झाले, आणि एका पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी बुंध्याशी तुंबून ते झाड मेले. मिरचीच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. मागे उरल्या त्या डब्यातल्या सात सुक्या मिरच्या, त्याही दोन वर्षांच्या जुन्या. आत्याने ती पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू शाळेत शास्त्र शिकवतोस ना? मग एवढं बी जगवून दाखव."

सात मिरच्यांतून फुटक्या व काळ्या पडलेल्या बिया वगळून ९६ बिया निघाल्या. त्यातल्या निम्म्या मी माझ्या घाईने घालवल्या. कशा, ते पुढे सांगतो. आधी बी काढायचे कसे ते पाहू.

पेरण्यासाठी बी घ्यायचे ते पूर्ण लाल झालेल्या मिरचीचेच. बाजारातली हिरवी मिरची चिरून तिचे बी पेरणारे पुष्कळ जण असतात. मात्र त्या पांढऱ्या, मऊ बियांमध्ये गर्भाची वाढ बहुधा पुरी झालेली नसते. झाडावर मिरची लाल झाली, की आतल्या बियांची तयारीही पुरी होत येते. तोडल्यावरही ती लाल मिरची आठवडाभर सावलीत तशीच ठेवली तर बी आणखी चांगले पक्व होते. झाड निरोगी हवे, आणि मिरचीवर काळे, खोलगट डाग नकोत. असे डाग पाडणारी बुरशी बियांबरोबर पुढच्या वर्षीच्या रोपापर्यंत पोचते.

मिरची उभी चिरण्याआधी बोटांना थोडे गोडेतेल चोळा. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे नुसत्या पाण्याने हात कितीही धुतले तरी आग तशीच राहते. तेल चोळून मग साबणाने हात धुतले तर ती निघते. हे काम चालू असताना डोळ्याला हात लावू नका, हे मी सांगतो आहे तरी तुमच्यापैकी कोणीतरी लावणारच!

आता चिरलेली मिरची नीट पाहा. सारा तिखटपणा बियांत असतो, अशी एक ठाम समजूत आहे. ती खरी नाही. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरट गर आणि त्याच्या शिरा दिसतात ना? कॅप्सेसिन तयार होते ते तेथे. बिया त्याला खेटून असतात म्हणून त्यांना ते लागते, एवढेच. जिभेवर मात्र कॅप्सेसिन फार गमतीचे काम करते. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी एक प्रथिनरचना असते. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की ती मेंदूला 'भाजते आहे' असा निरोप पाठवते. कॅप्सेसिन नेमके तिलाच जाऊन चिकटते, आणि काहीही गरम नसताना तोच निरोप जातो. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ही रचना शोधून काढली. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच प्रकारच्या कामासाठी.

झाडाला असे दुसऱ्याच्या तोंडाची आग करून काय मिळते? आत्या म्हणायची, "ही मिरची मी कधी पेरली नाही, पाखरं पेरतात." ती बरोबर बोलत होती. पाखरांच्या शरीरातही ही उष्णता ओळखणारी रचना असते, पण तिच्यावर कॅप्सेसिनचा परिणाम जवळजवळ होत नाही. बुलबुल लाल मिरची सहज गिळतो आणि बी दूर कोठेतरी विष्ठेतून टाकतो. उंदरासारखा प्राणी मात्र दातांनी बी चावून टाकतो. अमेरिकेतील ॲरिझोना भागात रानमिरचीवर काम करणाऱ्या ट्यूक्सबरी आणि नाभान या शास्त्रज्ञांनी २००१ साली याचा पडताळा प्रसिद्ध केला. उंदरांना त्यांनी तिखट नसलेल्या जातीची मिरची खायला दिली, कारण तिखट मिरचीला ते तोंडच लावीनात. त्यांच्या पोटातून गेलेले एकही बी रुजले नाही. पक्ष्यांच्या पोटातून गेलेले बी मात्र नेहमीसारखे रुजले. म्हणजे तिखटपणा हा झाडाने निवडलेल्या गिऱ्हाइकासाठी उघडे ठेवलेले दार आहे, आणि बाकीच्यांसाठी कुलूप. आपण माणसांनी ते कुलूप तोडून त्याची चटणी केली! (पोपटाची गोष्ट वेगळी. तो मिरची आवडीने खातो खरा, पण चोचीने बीही बहुधा फोडून खातो. झाडाच्या दृष्टीने तो काही कामाचा नाही.)

मिरची मुळात आपल्याकडची नाही, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. तिचे माहेर मेक्सिको व दक्षिण अमेरिका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याकडे आली. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा येई तो मुख्यतः काळ्या मिऱ्यांनी. मिरची हे नावही त्या मिरीवरूनच पडले. माहेर उष्ण प्रदेशातले असल्याने तिचे बी थंडीला फार नाखूश असते, आणि माझी चूक झाली ती येथेच.

मी पुण्यात राहतो. डिसेंबर महिना होता. आत्याच्या बियांपैकी ४८ बिया मी गच्चीतल्या कुंडीत पेरल्या, रोज पाणी घातले आणि वाट पाहिली. दहा दिवस गेले, वीस गेले, महिना गेला. काहीच उगवले नाही. शेवटी माती उकरली, तेव्हा हाताला लागल्या त्या मऊ पडलेल्या, कुजलेल्या बिया. मिरचीचे बी उत्तम रुजते ते २५ ते ३० अंश तापमानात. १५ अंशांच्या खाली ते जवळजवळ हलतच नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा बारा अंशांपर्यंत सहज उतरतो. गार, ओल्या मातीत बी नुसते पडून राहिले, आणि त्याला जाग येण्याआधी बुरशीने त्याचा फडशा पाडला. एवढे साधे तापमान मी मोजले नाही. वर्गात उष्णतेचा धडा शिकवताना मी तापमापी किती वेळा हातात धरली असेल!

उरलेल्या ४८ बियांच्या बाबतीत मी काही न तपासता पाऊल टाकायचे नाही असे ठरवले. तुम्हीही तसेच करा, विशेषतः बी थोडे आणि जुने असेल तर.

पहिली तपासणी पाण्याची. एका वाटीत पाणी घेऊन त्यात बी टाका. बुडेल ते चांगले, तरंगेल ते पोचट, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मिरचीच्या बाबतीत हा नियम जरा सांभाळून वापरावा. तिचे बी चपटे आणि हलके असते. त्याच्या कोरड्या अंगाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगले बीही तरंगते. म्हणून चमच्याने ढवळा, दोन-तीन तास थांबा, मग पुन्हा पाहा. तरीही तरंगत असलेल्या बिया वेगळ्या ठेवा, पण फेकू नका. माझ्या ४८ पैकी १५ तरंगत राहिल्या. त्यातल्याही दोन पुढे रुजल्या.

हे झाले की बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. आठ ते बारा तास पुरेत. 'जास्त भिजवले तर जास्त चांगले' असे मुळीच नाही. पाण्याखाली बियाला प्राणवायू कमी मिळतो आणि जागा होऊ लागलेला गर्भ गुदमरतो. भिजल्यावर बी फुगते. ते पाहून आनंद होतो, पण हा आनंद फसवा असतो. मेलेले बीसुद्धा पाण्यात फुगते! कोरडा स्पंज पाणी ओढतो तसेच ते पाणी ओढते. त्याला जीव लागत नाही. जिवंतपणाची खूण म्हणजे बाहेर आलेले पांढरे मूळ. दुसरी कोणतीही नाही.

मग ते मूळ येते की नाही याची परीक्षा घ्यायची कशी? स्वच्छ सुती फडक्याची घडी किंवा टीपकागदाचा तुकडा ओला करा आणि पिळून टाका. ओल हवी, पाणी निथळता कामा नये. त्यावर दहा बिया एकमेकींना न लागतील अशा मांडा, वरून दुसरी घडी घाला, आणि सारे एका झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा उबदार जागी ठेवायचा. आमच्या घरात चोवीस तास कोमट असणारी एकच वस्तू निघाली, ती म्हणजे इंटरनेटचा राऊटर. त्यावर डबा ठेवून आत तापमापी घातली, तर पारा २८ अंशांवर स्थिर. मार्च ते जून या काळात तुम्हाला अशा युक्तीची गरज पडणार नाही. मात्र डबा उन्हात ठेवू नका. पस्तीस अंशांच्या वरची उष्णताही बियाला मानवत नाही. रोज एकदा झाकण उघडून हवा द्या आणि तारीखवार नोंद ठेवा.

हरभऱ्याला दोन दिवसांत मोड येतात, मटकीला एका रात्रीत. मिरचीला आठ ते पंधरा दिवस लागतात, जुन्या बियाला त्याहून जास्त. इतका उशीर का? हरभऱ्याच्या आत त्याची शिदोरी दोन जाड डाळिंब्यांत, म्हणजे गर्भाच्या स्वतःच्याच बीजपत्रांत असते. मिरचीच्या बियात गर्भ बारीक, गोल वळलेला असतो, आणि त्याच्याभोवती अन्नसाठ्याचा म्हणजे भ्रूणपोषाचा घट्ट थर असतो. मुळाच्या टोकासमोर हा थर भिंतीसारखा उभा असतो. गर्भाने पाणी घेतले की विकरे तयार होतात, ती या भिंतीच्या पेशी हळूहळू मऊ करतात, आणि भिंत पुरेशी मऊ झाली की मूळ ती फोडून बाहेर पडते. थंडीत विकरांचे काम मंदावते, म्हणून भिंत मऊ व्हायला फार वेळ लागतो. माझ्या पहिल्या ४८ बिया गेल्या त्या या भिंतीच्या आत.

दहा बियांच्या परीक्षेत माझ्या चार बिया रुजल्या: नवव्या, अकराव्या, बाराव्या आणि सोळाव्या दिवशी. म्हणजे उगवण ४० टक्के. आपल्या देशात प्रमाणित बियाण्याच्या मानकांत मिरचीसाठी किमान ६० टक्के उगवण ठरवलेली आहे. त्या मानाने आत्याचे बी नापास. तरी घरच्यासाठी ते चालण्यासारखे होते.

आता थोडे गणित. उगवण ४० टक्के आहे आणि तुम्हाला चार रोपे हवी आहेत. किती बिया लावाल? दहा, असे तुम्ही पटकन म्हणाल. पण दहापैकी चार हे सरासरीचे उत्तर झाले. दर वेळी बरोबर चारच रुजतील असे थोडेच आहे? हिशेब केला तर असे दिसते, की दहा बिया लावल्यास शंभरातल्या सुमारे ३८ वेळा चारापेक्षा कमीच रुजतील. वीस बिया लावल्या तर मात्र अशी निराशा शंभरात दोनदाही होणार नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनी हा हिशेब संभाव्यतेच्या सूत्राने करून पाहावा.

बियाबरोबर येणारे रोग मारण्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया करतात. ५० अंशांच्या पाण्यात बी अर्धा तास ठेवायचे आणि लगेच गार पाण्यात घालून सुकवायचे. थर्मासमध्ये पाणी घेतले तर तापमान टिकते. हे मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि तापमापीनेच करायचे, कारण दोन-चार अंश जास्त झाले तर रोगाबरोबर गर्भही मरतो. ताजे, दमदार बी ही उष्णता सोसते. जुने, अशक्त बी सोसत नाही. म्हणून आत्याच्या बियांना मी ती दिली नाही. दुकानातल्या पाकिटातले बी गुलाबी किंवा निळे दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते विषारी असते. त्याला पुन्हा कोणतीही प्रक्रिया नको, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.

मूळ दोन-तीन मिलिमीटर बाहेर आले, की बी चिमट्याने किंवा ओल्या काडीच्या टोकाने अलगद उचला. मूळ मोडले तर सगळे संपले. बारीक माती, वाळू आणि चाळलेले शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन तळाला भोक पाडलेली वाटी किंवा नारळाची करवंटी भरा, आणि बी अर्धा सेंटिमीटर खोल ठेवून वर माती भुरभुरा. यापेक्षा खोल नको. एवढ्याशा बियाची शिदोरी ती किती! पाणी वरून ओतू नका. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा, माती खालून ओढून घेईल. मातीचा वरचा थर सतत ओला राहिला की रोपे मातीलगत बारीक होतात आणि एका रात्रीत आडवी पडतात. शेतकरी याला रोपांची मर म्हणतात. बाकीच्या ३८ बियांपैकी माझ्या १३ रुजल्या. पहिल्या चार धरून १७ रोपे झाली, आणि त्यातली सहा मी लाडाने जास्त पाणी घालून या रोगाच्या हवाली केली. अकरा उरली. चार-सहा खरी पाने आल्यावर ती एकेका कुंडीत गेली.

दुकानातल्या संकरित मिरचीचे बी धरून तुम्ही हे सारे केलेत, तर रोपे येतील, मिरच्याही लागतील. पण त्या आईसारख्या असतीलच असे नाही. संकरित पिढीतले गुण पुढच्या पिढीत विखुरतात. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी अशा सरळ जातींचे बी धरणे बरे. त्यांतही मधमाशी शेजारच्या ढोबळी मिरचीचा पराग घेऊन आली तर बियांत मिसळण होते. ती टाळायची तर कळी उमलण्याआधी फांदीला मलमलीची छोटी पिशवी बांधा. फळ धरले की पिशवी काढा आणि त्या फळाला खुणेचा दोरा बांधा.

बी साठवायचे ते अगदी कोरडे. सावलीत आठ-दहा दिवस वाळवल्यावर बी वाकवून पाहा. वाकले तर ओलसर, कट्कन मोडले तर वाळलेले. बियातील ओल दर एक टक्क्याने कमी झाली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बियाण्याच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. आपल्या आज्या बी राखेत घोळून मडक्यात ठेवत किंवा चुलीवरच्या शिंक्यात टांगत, त्यामागे हेच. कोरडी राख ओल शोषून घेते आणि किडीलाही दूर ठेवते. आज तुम्ही औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, बुडाशी भाजून गार केलेले तांदूळ घालून, बी पुडीत बांधून ठेवलेत तरी तेच काम होईल. वर जातीचे नाव आणि वर्ष लिहा. माझ्या आत्याने लिहिले नव्हते, ती दोन वर्षे मी मोजली ती घर बंद झाल्याच्या तारखेवरून.

दोन कुंड्या मी मुंबईला आत्याकडे पोचवल्या. तिने चष्मा लावून पाने चुरडून पाहिली आणि म्हणाली, "मिरची आभाळाकडे लागली तर आपली, नाहीतर बाजारची." ऑगस्टच्या अखेरीस तिचा फोन आला. पहिली मिरची ताठ वर तोंड करून लागली होती. ती तिने तोडली नाही, लाल होऊ दिली. तिच्यात १९ बिया निघाल्या.